टेक्निकल डायव्हिंग शिकवण्याआधी : कोल्हापूरकर डायव्हरसाठी तयारीची यादी

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा शिकलेल्या, कदाचित तिथे प्रशिक्षक म्हणून कामही करणाऱ्या आणि आता टेक्निकल डायव्हिंग शिकवण्याचा विचार करणाऱ्या कोल्हापूर परिसरातील डायव्हरसाठी ही यादी आहे. रिक्रिएशनल डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर असून त्या मर्यादेत, गरज पडल्यास, थेट पृष्ठभागावर येण्याची मुभा असते. टेक्निकल डायव्हिंगमध्ये ती मुभा राहत नाही, कारण शरीरात विरघळलेला वायू सुरक्षितपणे बाहेर पडावा यासाठी ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटे थांबावेच लागते; यालाच डीकम्प्रेशन म्हणतात. म्हणजे जी अडचण येईल ती पाण्यातच सोडवावी लागते, आणि पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

सर्वांत आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. कान, सायनस आणि फुप्फुसे यांची तपासणी बहुतेकांनी पूर्वी केलेली असते. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात जन्मतः असणारे छिद्र, म्हणजे पीएफओ, याविषयी मात्र डॉक्टरांशी मुद्दाम बोलावे. साधारण चारांपैकी एका प्रौढात ते असते आणि एरवी त्याचा काही त्रास होत नाही, पण डीकम्प्रेशन डाइव्हनंतर शिरांतील बुडबुडे फुप्फुसांत न गाळले जाता त्या वाटेने थेट धमन्यांत जाऊ शकतात.

दुसरी तयारी कौशल्याची, आणि तिच्यासाठी समुद्रच हवा असे नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे डायव्हिंग बंद असते, तेव्हा जलतरण तलावाची परवानगी काढून जोडसिलिंडर, बॅकप्लेट (सिलिंडर बसवायची पाठीवरची पाटी) आणि विंग (तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी) यांसह सराव करावा. शरीर आडवे व स्थिर ठेवणे, पाय न हलवता एका जागी तरंगत राहणे आणि उलटी किक मारून मागे सरकणे, हे आधी अंगवळणी पडले पाहिजे. त्यानंतर व्हॉल्व्ह ड्रिल. डोक्यामागे हात नेऊन उजवा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा, तोंडातल्या रेग्युलेटरमधली (श्वास घेण्याच्या उपकरणातली) हवा संपत असल्याचे जाणवताच गळ्यातला राखीव रेग्युलेटर तोंडात घ्यायचा, व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचा, आणि मग मधला आयसोलेटर (दोन सिलिंडर जोडणारा व्हॉल्व्ह) व डावा व्हॉल्व्हही एकेक करून बंद करून पुन्हा उघडायचा. हे सारे करताना खोली अर्ध्या मीटरपेक्षा जास्त बदलता कामा नये. बहुतेकांचा खांदा इथेच अडतो. वेटसूटचे माप किंवा हार्नेसचा पट्टा बदलूनही हात पोहोचत नसेल, तर पुढच्या कोर्सची नोंदणी थांबवावी.

वायूचे गणित कॉम्प्युटरवर न सोडता कागदावर मांडता आले पाहिजे. समजा ४५ मीटरवर जोडीदाराची हवा संपली. तिथला दाब साडेपाच बार, घाबरलेल्या दोघांची मिळून पृष्ठभागावरची गरज मिनिटाला ६० लिटर धरली, तर खाली ती ३३० लिटर होते. सावरायला दोन मिनिटे लागली की ६६० लिटर गेले, आणि ५० टक्के ऑक्सिजनचे सिलिंडर वापरता येईल अशा २१ मीटरपर्यंत वर यायला तीन मिनिटे धरली, तर आणखी पावणेआठशेच्या आसपास. प्रत्येकी बारा लिटरच्या जोडसिलिंडरमध्ये हे ६० बार भरतात, म्हणजे त्या आकड्याला तळ सोडलाच पाहिजे. प्रत्येक सिलिंडरमधील ऑक्सिजनचे प्रमाण ज्याने श्वास घ्यायचा त्याने स्वतः मोजावे आणि कमाल खोली मोठ्या अक्षरांत सिलिंडरवर लिहावी. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरखाली वापरू नये. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत ऑक्सिजन सहज मिळतो म्हणून घरगुती मिश्रण करण्याचा मोह कोणी धरू नये; ऑक्सिजनसाठी स्वच्छ न केलेल्या व्हॉल्व्हमधला तेलाचा अंशही पेट घेऊ शकतो.

कोल्हापूरकरांनी परतीच्या प्रवासाचे नियोजन डाइव्हच्या नियोजनातच धरले पाहिजे, आणि नेमके हेच बहुधा राहून जाते. मालवणहून कोल्हापूर सुमारे दीडशे किलोमीटर, पण शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे आणि घाटमाथा त्याहूनही उंच. दुपारी पाण्यातून वर येऊन संध्याकाळी गगनबावडा किंवा फोंडा घाट चढणे म्हणजे शरीरातला उरलेला नायट्रोजन घेऊन कमी दाबात जाणे. विमानप्रवासासाठी एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास आणि डीकम्प्रेशन डाइव्हनंतर त्याहून बराच अधिक काळ थांबण्याची शिफारस असते. घाटासाठीही तोच सावधपणा ठेवून एक मुक्काम खाली करावा, त्यासाठी सोमवारची रजा टाकावी लागली तरी.

कोर्सच्या अटी संस्थेगणिक वेगळ्या असतात, त्या मूळ पुस्तिकेतून वाचाव्यात. पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या टेक ४० या टेक्निकल कोर्ससाठी इतर अटींबरोबर वय १८ आणि किमान ३० डाइव्ह लागतात, पण ती केवळ प्रवेशाची अट आहे. माझ्या मते टेक्निकल डायव्हर होणे आणि टेक्निकल प्रशिक्षक होणे यांच्यामध्ये काही हंगाम प्रशिक्षकाविना, बरोबरीच्या जोडीदारासोबत, वेगवेगळ्या पाण्यांत डाइव्ह केलेले असावेत. इथल्या तालमीत वस्तादाने स्वतः मैदान मारलेले असते, तेवढी अपेक्षा इथेही ठेवायला हरकत नाही. त्यानंतर अनुभवी प्रशिक्षकाच्या हाताखाली सहायक म्हणून काम करावे आणि विद्यार्थी कुठे गोंधळतात याची वही ठेवावी.

शिकवायला सुरुवात करण्यापूर्वी विमा, ऑक्सिजन किट आणि लेखी आपत्कालीन योजना तयार हवी. योजनेत बोटीवरून फोन कोण करेल, रुग्णाला कोणत्या रस्त्याने न्यायचे आणि कोणत्या रीकम्प्रेशन चेंबरशी (रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राशी) आधीच बोलणे झाले आहे, हे नावानिशी लिहावे. मुंबईत नौदलाच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयात अशा उपचारांची सोय आहे, पण ते अंतर पाहता रुग्णाला वाटेत ऑक्सिजन किती तास पुरेल याचा हिशेब त्याच पानावर हवा. फी घेतानाच विद्यार्थ्याकडून लेखी मान्यता घ्यावी की पैसे प्रशिक्षणाचे आहेत आणि कौशल्य अपुरे राहिल्यास प्रमाणपत्र मिळणार नाही. ओळखीतला, पाहुण्यांतला मुलगा असेल तर हा कागद आवर्जून करावा.