जुन्या वस्तीचे पुनरुज्जीवन करताना विश्वास का तुटतो? या चुका टाळा

ऐतिहासिक वस्तीच्या पुनरुज्जीवनाची घोषणा झाली की घराघरांत पहिला प्रश्न उठतो तो वास्तुशैलीचा नसतो. काम चालू असताना आम्ही कुठे राहायचे आणि पुन्हा याच घरात येणार का, हे लोकांना आधी कळायला हवे असते. त्याचे लेखी उत्तर देण्यापूर्वीच सभेत उजळलेल्या दर्शनी भागांची चित्रे दाखवणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण त्या चित्रांत रहिवाशाला स्वतःची जागा दिसत नाही.

इटलीतील बोलोन्या शहराने १९७३ साली सार्वजनिक गृहनिर्माणाची योजना शहराच्या जुन्या गाभ्यातील घरांच्या दुरुस्तीसाठी वापरली आणि मूळ रहिवासी तिथेच राहावेत हे तिचे उद्दिष्ट ठेवले. हेतू चांगला असूनही सक्तीच्या संपादनाचा प्रस्ताव येताच लहान घरमालक धास्तावले. तेव्हा नगरपालिकेने संपादनाचा आग्रह सोडला आणि दुरुस्तीला मदत घेणाऱ्या मालकांशी भाड्यावर मर्यादा घालणारे करार करण्याचा मार्ग धरला. विरोध होताच आराखडा बदलण्याची ही तयारी मला त्या योजनेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

दुसरी चूक म्हणजे माहिती देण्यालाच सहभाग समजणे. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाईन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तीत माहिती देणे तिसऱ्या आणि सल्ला घेणे चौथ्या पायरीवर आहे, आणि या दोन्ही त्यांनी नाममात्र सहभागातच मोजल्या आहेत. म्हणून सभेच्या आरंभीच कोणते निर्णय झाले आहेत आणि कोणते अजून खुले आहेत, हे स्पष्ट सांगावे. काहीच खुले नसेल, तर हरकती मागवू नयेत.

केवळ मालकांची नोंद करून भाडेकरू, पोटभाडेकरू आणि दुकानांच्या पोटमाळ्यावर राहणारे कामगार वगळणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. मलेशियातील जॉर्ज टाउनमध्ये २००० सालच्या आरंभी भाडेनियंत्रण उठले, भाडी वाढली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारे अनेक भाडेकरू बाहेर पडले. शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो त्यानंतर, २००८ साली. नोंदणी घरोघरी जाऊन करावी, यादी वस्तीतच लावावी आणि तिच्यातील दुरुस्त्यांसाठी पुरेसा अवधी द्यावा.

विश्वास आधीच तुटला असेल, तर त्याची लक्षणे ओळखता येतात: सभेतील उपस्थिती घटते, अफवा अधिकृत पत्रकापेक्षा वेगाने पसरतात आणि सर्वेक्षणाला आलेल्यांसाठी दारे उघडत नाहीत. अशा वेळी आणखी मोठी सभा बोलावून उपयोग होत नाही. आधी दिलेली सगळी आश्वासने, त्यांपैकी कोणती पाळली गेली आणि कोणती नाही, यासह जाहीर करावीत. मग गळके छप्पर, तुंबणारे गटार, खचलेला जिना अशी कामे कोणाकडूनही संमतीपत्र न मागता पूर्ण करावीत.

प्रकल्पाचे कार्यालयही वस्तीतच असावे. लिस्बनचे तत्कालीन महापौर आंतोनियो कोश्ता यांनी २०११ साली आपले कार्यालयच इंतेंदेंते या उपेक्षित चौकात हलवले होते. तेवढे शक्य नसेल, तर निदान ठरलेल्या वेळी एकच जबाबदार व्यक्ती तिथे बसावी आणि काम पूर्ण होऊन शेवटचे कुटुंब घरी परतेपर्यंत तिची बदली करू नये.