ब्लॉक एडिटरकडून पोस्ट टाइपची यादी कशी मागवायची, आणि आपला टाइप त्यात दिसला नाही तर कुठे शोधायचं

मी सांगलीत राहून वाचनालयं, नाट्यमंडळं आणि दिवाळी अंकांच्या साइट वर्डप्रेसवर बांधते. या मंडळींची एक मागणी हमखास असते. मुखपृष्ठावर एक चौकट हवी आणि तिच्यात कविता दाखवायच्या, लेख दाखवायचे की जुने अंक, हे संपादकाला स्वतः ठरवता यायला हवं. म्हणजे ब्लॉकच्या सेटिंगमध्ये एक ड्रॉपडाउन आणि त्यात साइटवरचे पोस्ट टाइप, म्हणजे मजकुराचे प्रकार. ही यादी कोडमध्ये हाताने लिहून टाकू नका. पुढच्या दिवाळीला ‘मुलाखती’ असा नवा प्रकार आला की कुणाला तरी कोड उघडावा लागतो, आणि छोट्या संस्थांकडे तो ‘कुणीतरी’ नसतो. यादी साइटलाच विचारायची.

फंक्शनची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.

सुरुवात कोड लिहून नाही, ब्राउझरच्या कन्सोलमधून करा. कुठलीही पोस्ट एडिटरमध्ये उघडा, एफ 12 दाबा आणि कन्सोलमध्ये डब्ल्यूपी डॉट डेटा डॉट सिलेक्ट लिहून कंसात ‘कोअर’ हे स्टोअरचं नाव द्या. त्यापुढे डॉट आणि गेटपोस्टटाइप्स, शेवटी रिकामा कंस. हे तीन शब्द सलग, ‘पोस्ट’चा पी आणि ‘टाइप्स’चा टी कॅपिटल. एंटर दाबलं की पहिल्या वेळी बहुतेकदा नल, म्हणजे ‘काही नाही’, मिळेल. क्षणभर थांबून तीच ओळ पुन्हा चालवा, आता यादी येईल.

पहिल्यांदा नल येणं हा बिघाड नाही. वाचनालयाच्या काउंटरवर चिठ्ठी दिली की पुस्तक लगेच हातात पडत नाही, आतून आणावं लागतं. पहिली हाक म्हणजे ती चिठ्ठी. स्टोअर पाहतं की माहिती जवळ नाही, मग ते रेस्ट एपीआयच्या, म्हणजे साइटकडून माहिती मागवण्याच्या वर्डप्रेसच्या खिडकीच्या, ‘टाइप्स’ या पत्त्यावर विनंती पाठवतं आणि उत्तर आलं की साठवून ठेवतं. म्हणून ब्लॉकच्या कोडमध्ये ‘यादी अजून आलेली नाही’ ही स्थिती गृहीत धरूनच लिहायचं. यादीवर थेट मॅप किंवा फिल्टर चालवलंत तर पहिल्याच रेंडरला ब्लॉक कोसळतो आणि संपादकाला त्या जागी नुसता त्रुटीचा संदेश दिसतो. कन्सोलमध्ये दोनदा हाक मारायची नसेल तर सिलेक्टऐवजी रिझॉल्व्हसिलेक्ट वापरा. ते प्रॉमिस देतं, त्याची वाट पाहिली की यादी हातात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. वर सांगितलेली हाक अपुरी आहे. तिला शेवटच्या कंसात एक ऑब्जेक्ट द्यायचा आणि त्यात पर-अंडरस्कोर-पेज या कीची किंमत उणे 1 ठेवायची. हे दिलं नाही तर स्टोअर पहिले 10 टाइप देऊन थांबतं. सर्व्हर सगळे टाइप पाठवतो, कात्री लागते ती ब्राउझरमधल्या स्टोअरमध्ये, कारण तिथे पानाचा आकार न सांगितल्यास तो 10 धरला जातो. ‘माझ्या साइटवर कुठे 10 टाइप आहेत’ असं वाटेल, पण आहेत. पोस्ट, पेज आणि मीडिया हे ओळखीचे तीन. त्यांच्यामागे मेनूच्या नोंदी, पुन्हा वापरायचे ब्लॉक, टेम्प्लेट, टेम्प्लेटचे भाग आणि नेव्हिगेशन. 2024 मध्ये आलेल्या 6.5 आवृत्तीत फॉन्ट लायब्ररी आली, तिने आणखी दोन टाइप आणले. झाले की 10! वर्डप्रेसचे स्वतःचे टाइप आधी नोंदले जातात, तुमच्या कविता आणि अंक त्यांच्यानंतर. कात्री लागते ती नेमकी तुमच्यावर.

यातून एक चक्रावणारा प्रकार घडू शकतो. लेखकाच्या लॉगिनला ‘कविता’ यादीत दिसते आणि अ‍ॅडमिनला दिसत नाही. कारण टेम्प्लेट, मेनू, फॉन्ट हे टाइप लेखकाला मिळतच नाहीत. त्याची यादी छोटी राहते आणि कविता पहिल्या दहांत बसते. अ‍ॅडमिनला सगळे मिळतात, म्हणून त्याच्या यादीतून ती बाहेर ढकलली जाते. परवानग्यांमध्ये गोंधळ आहे समजून लोक तासन्‌तास तिकडे शोधत बसतात. आधी उणे 1 आहे का ते बघा.

तरीही टाइप दिसत नसेल तर साइटच्या पत्त्यापुढे डब्ल्यूपी-जेसन, स्लॅश, डब्ल्यूपी, स्लॅश, व्ही 2, स्लॅश, टाइप्स असं लिहून तो पत्ता थेट ब्राउझरमध्ये उघडा. एखाद्या सुरक्षा प्लगइनने रेस्ट एपीआय बंद ठेवलेला नसेल तर अक्षरांचा मोठा पुंजका दिसेल. त्यात तुमच्या टाइपचा स्लग, म्हणजे नोंदणीत दिलेलं त्याचं रोमन नाव, शोधा.

तिथेही तो नसेल तर दोष नोंदणीत आहे. पीएचपीमध्ये रजिस्टर-पोस्ट-टाइप करताना शो-इन-रेस्ट ट्रू दिलेलं नाही. त्याची मूळ किंमत फॉल्स असते. 2018 च्या डिसेंबरमध्ये 5.0 आवृत्तीबरोबर ब्लॉक एडिटर आला, त्याआधी बांधलेल्या साइटवर हे सर्रास आढळतं, कारण तेव्हा त्याची फारशी गरजच पडत नसे. बदलण्याआधी संस्थेला विचारा मात्र. शो-इन-रेस्ट ट्रू केलं की तो टाइप रेस्ट एपीआयवर येतो, आणि त्याला ‘एडिटर’चा सपोर्ट असेल तर त्याचं लेखनसुद्धा ब्लॉक एडिटरमध्ये उघडू लागतं. वर्षानुवर्षं जुन्या एडिटरमध्ये काम करणाऱ्या संपादकांना हा बदल न सांगता देणं बरं नाही.

पत्त्यावर टाइप आहे, पण एडिटरच्या यादीत नाही, असं असेल तर परवानगी तपासा. एडिटर ही यादी ‘एडिट’ संदर्भात मागतो. ज्या टाइपमधलं लेखन संपादित करण्याची मुभा त्या वापरकर्त्याला नाही, तो टाइप सर्व्हर गुपचूप गाळतो, त्रुटी दाखवत नाही. नोंदणीत कपॅबिलिटी-टाइप वेगळं ठेवलं असेल तर त्या नव्या परवानग्या अ‍ॅडमिनलाही आपोआप मिळत नाहीत, द्याव्या लागतात.

आता नेमकी उलटी अडचण. पूर्ण यादी जशीच्या तशी ड्रॉपडाउनमध्ये ओतली तर संपादकाला ‘कविता’च्या शेजारी फॉन्ट आणि टेम्प्लेट दिसतील. गाळणी म्हणून ‘व्ह्यूएबल’ हा गुणधर्म वापरा. ज्या टाइपचं पान वाचक साइटवर उघडू शकतो त्याचाच व्ह्यूएबल ट्रू असतो. मीडियाचा स्लग ‘अटॅचमेंट’, तो मात्र या गाळणीतून निसटतो, म्हणून त्याला वेगळं वगळा. वर्डप्रेसचा क्वेरी लूप ब्लॉकसुद्धा असंच करतो आणि त्याची नक्कल करण्यात काही गैर नाही.

ही गाळणी कुठे लावायची, यालाही महत्त्व आहे. ब्लॉकच्या कोडमध्ये स्टोअर वाचायला यूझसिलेक्ट वापरतात, त्याच्या आत फक्त यादी मागा. फिल्टर त्याच्या आत लिहिलात तर दर वेळी नवा अ‍ॅरे तयार होतो, रिअ‍ॅक्टला वाटतं माहिती बदलली, आणि ब्लॉक विनाकारण पुन्हा पुन्हा रेंडर होतो. फिल्टर बाहेर, यूझमेमोमध्ये ठेवा. 6.1 किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर मी यूझएन्टिटीरेकॉर्ड्स पसंत करते. त्याला ‘रूट’, ‘पोस्टटाइप’ आणि तोच उणे 1 वाला ऑब्जेक्ट दिला की यादीबरोबर ‘अजून येतेय का’ हेही कळतं, आणि तेवढा वेळ स्पिनर दाखवता येतो.

ड्रॉपडाउनमध्ये दाखवायला लेबल घ्या, साठवायला स्लग. साइटची भाषा मराठी केली की वर्डप्रेसच्या टाइपची लेबलं बदलतात, स्लग तोच राहतो. आणि स्वतः एपीआयवर विनंती करणार असाल तर स्लगवर विसंबू नका, रेस्ट-बेस वाचा. ‘पोस्ट’चा रेस्ट-बेस ‘पोस्ट्स’ आहे आणि ‘अटॅचमेंट’चा ‘मीडिया’.

एक जागा बहुतेकजण तपासत नाहीत. संपादकाने ‘कविता’ निवडली, ब्लॉक सेव्ह झाला आणि नंतर कवितांचं प्लगइन बंद झालं. आता साठवलेला स्लग यादीत नाही. अशा वेळी ड्रॉपडाउन पहिलाच पर्याय निवडलेला दाखवतो. संपादकाला वाटतं ‘लेख’ निवडलेले आहेत, ब्लॉकमध्ये मात्र अजून कविताच साठवलेली असते. यादी पूर्ण आल्यानंतर साठवलेला स्लग त्यात नसेल तर ‘हा प्रकार सध्या उपलब्ध नाही’ असा एक पर्याय स्वतः जोडा आणि त्याची किंमत तोच स्लग ठेवा. प्लगइन पुन्हा चालू झालं की चौकट आपोआप पूर्ववत होते.

पीएचपीच्या बाजूला, जिथे ब्लॉक वाचकासाठी तयार होतो, तिथे हीच तपासणी पुन्हा करा. आधी पोस्ट-टाइप-एक्झिस्ट्स, मग इज-पोस्ट-टाइप-व्ह्यूएबल. ब्लॉकमधली किंमत कोड एडिटरमधून हातानेही बदलता येते, त्यामुळे ड्रॉपडाउनमध्ये गाळलेला टाइप तिथे येणारच नाही असं धरून चालता येत नाही. दोन्हींपैकी एकही अट फसली तर रिकामी स्ट्रिंग परत द्या, म्हणजे त्या जागी वाचकाला काहीच दिसणार नाही.