डच हिवाळी चित्रांचा अभ्यास सुरू करताना

सतराव्या शतकातल्या डच निसर्गचित्रांचा अभ्यास कुठून सुरू करायचा, असं नव्याने कलेतिहासाकडे वळलेली मुलं विचारतात. मी हेंड्रिक आव्हरकाम्पचं नाव सांगते. हा काम्पेन गावचा मुका चित्रकार (१५८५-१६३४). त्याचं १६०८ च्या सुमाराचं, गोठलेल्या पाण्यावर स्केटिंग करणाऱ्या माणसांचं चित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून ते मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतं, तेव्हा तिकडे जायची वाट पाहू नका.

आधी पुस्तकं बाजूला ठेवा आणि चित्राचा एकेक कोपरा मोठा करून बघा. डावीकडे खाली एक जुनं दार काठीवर टेकवलंय, तो पक्ष्यांसाठी लावलेला सापळा. जवळच मेलेल्या जनावरावर कुत्रा आणि कावळा तुटून पडलेत. झुळझुळीत कपड्यांतली श्रीमंत मंडळी, ओझं वाहणारी गरीब माणसं, कोल्फ हा गोल्फसारखा खेळ खेळणारे, धडपडून पडलेले, उघड्यावर नैसर्गिक विधी उरकणारे, सगळे एकाच बर्फावर. दिसेल ते वहीत लिहा. मी आजही असंच करते, आणि दर वेळी आधी निसटलेलं काहीतरी सापडतं.

मग क्षितिजरेषा बघा. ती बरीच वर आहे, म्हणून एवढी गर्दी मावते. ही मांडणी पीटर ब्रॉइगेलच्या १५६५ च्या फ्लेमिश (म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या) हिवाळी चित्रांपासून आलेली. पुढे डच चित्रकारांनी रेषा खाली आणली आणि आकाशाला जागा दिली. आव्हरकाम्पशेजारी याकोब फान राउसडाल या नंतरच्या डच चित्रकाराचं एखादं हिवाळी चित्र ठेवा: माणसं मोजकी, ढग काळे, उत्सव संपलेला. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मोठं वळण हेच, आणि ते शिकायला याहून चांगली जोडी नाही.

युरोपातल्या त्या थंड काळाला ‘लहान हिमयुग’ म्हणतात, १६०७-०८ चा हिवाळा खरोखर कडक होता. पण चित्र म्हणजे हवामानाची नोंदवही समजू नका. ही चित्रं रेखाटनांवरून, खोलीत बसून रंगवली जात. तीच माणसं आव्हरकाम्प वेगवेगळ्या चित्रांत पुन्हा वापरतो. त्याची बरीच रेखाटनं इंग्लंडमधल्या विंडसरच्या राजसंग्रहात आहेत. तीही जरूर बघा.

डच वाचायला आताच लागा. हेगच्या आरकेडी या कलेतिहास संस्थेच्या नोंदी आणि जुनी कागदपत्रं त्याशिवाय उलगडत नाहीत. आणि जर्मनीतल्या कासेलला जाणं झालं, तर रेम्ब्रांटचं १६४६ चं हिवाळी चित्र चुकवू नका. लाकडी फळीवरचं, उण्यापुऱ्या वहीच्या पानाएवढं. झरझर ओढलेल्या कुंचल्याच्या खुणा तिथे समोर उभं राहूनच कळतात.