आधी पाठ, शेवटी सही : १९०० च्या सुमाराचं अमेरिकन तैलचित्र कसं तपासावं

अमेरिकेत घर रिकामं करताना जी 'इस्टेट सेल' लागते, तिथे जुनी तैलचित्रं हमखास असतात. एखाद्याच्या कोपऱ्यात 'इनेस', 'ब्लेकलॉक' किंवा 'रायडर' अशी त्या काळच्या नावाजलेल्या अमेरिकन चित्रकाराची सही दिसली की भाव चढतो. पण चित्रावरची सर्वांत स्वस्त गोष्ट सहीच. ती घालायला दोन मिनिटंही लागत नाहीत. म्हणून तपासणीचा क्रम उलटा ठेवा : आधी पाठ, मग कडा, मग रंग, आणि अगदी शेवटी सही.

सोबत १० पटींचं भिंग, एक साधी टॉर्च, ३६५ नॅनोमीटरची यूव्ही (अतिनील किरणांची) टॉर्च, इंचाची टेप आणि पेन्सिल घ्या. शाईचं पेन चित्राजवळ नको. चित्र उलटवण्याआधी रंगाचे पोपडे सुटलेत का ते बघा. सुटले असतील तर पालथं घालू नका. दुसऱ्या कुणाला तरी उभं धरायला सांगा.

पहिला प्रश्न : हे रंगवलेलं आहे की छापलेलं? रविवर्म्याचे ओलिओग्राफ ज्यांनी घरात पाहिलेत त्यांना हा प्रकार नवा नाही. बोस्टनचा लुई प्रँग याच जातीची छापील चित्रं विकायचा. तैलचित्र वाटावं म्हणून असल्या छपाईवर कॅनव्हासची वीण उठवून वर व्हार्निश फासलेलं असे. भिंगातून आकाशाचा किंवा गालाचा भाग बघा. रंगाचे बारीक ठिपके पसरलेले दिसले आणि ब्रशचे उंचवटे रंगाच्या सीमेशी जुळत नसले, तर तपासणी इथेच संपली.

आता पाठ. कॅनव्हास चौकटीला कशाने ठोकलाय ते पाहा. त्या काळी लहान चपटे खिळे मारत. स्टेपल विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुळले. नुसत्या स्टेपलवरून चित्र खोटं ठरत नाही, कारण कॅनव्हास नंतर पुन्हा ताणलेला असू शकतो. पण मग कडेला जुन्या खिळ्यांची गंजकी भोकं दिसायला हवीत. भोकं नाहीत, कापड पांढरंफेक आणि यूव्हीखाली निळसर लकाकतंय, म्हणजे ते १९५० नंतरचं असण्याचा दाट संभव. पाठीला दुसरं कापड चिकटवलेलं असेल (याला लायनिंग म्हणतात) तर मूळ लिखाण त्याखाली गाडलं गेलंय असं समजा. ते उकलायचं काम संवर्धकाचं, आपलं नाही.

कॅनव्हासवर रंगसामान विकणाऱ्याचा शिक्का असला तर उत्तम. न्यूयॉर्कच्या डीव्हो कंपनीचे शिक्के बरेच सापडतात. शिक्क्यातला पत्ता त्या वर्षाच्या शहर-निर्देशिकेशी ताडून पाहा. चित्रावर १८८५ लिहिलंय आणि दुकान त्या पत्त्यावर १८९५ नंतर आलं, तर तारीख नंतर घातलेली आहे.

लेबलं सगळ्यांत बोलकी. मॅकबेथ गॅलरी १८९२ साली न्यूयॉर्कमध्ये २३७ फिफ्थ ॲव्हेन्यूला उघडली आणि अमेरिकन चित्रांवरच तिने भर दिला. १९०६ मध्ये ती ४५० क्रमांकाला गेली; 'द एट' या आठ चित्रकारांचं १९०८ चं गाजलेलं प्रदर्शन तिथलंच. म्हणजे लेबलावरच्या नुसत्या घरक्रमांकावरून काळ ठरतो. ही गॅलरी १९५३ मध्ये बंद झाली. तिचे कागद स्मिथसोनियनच्या 'आर्काइव्हज ऑफ अमेरिकन आर्ट'मध्ये आहेत, तेव्हा लेबलावरचा क्रमांक तिथे शोधता येतो. पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकेचा पिनकोड) असेल तर ते लेबल १९६३ च्या आधीचं नाही. शिकागोच्या १८९३ च्या विश्वप्रदर्शनाचं लेबल दिसलं तर छापील कॅटलॉगशी ताडा. रविवर्म्याची दहा चित्रं गेली होती ते हेच प्रदर्शन. चित्रकार जॉन ट्वॉक्टमन १९०२ मध्ये वारला. पुढच्या वर्षीच्या लिलावातल्या त्याच्या चित्रांवर 'ट्वॉक्टमन सेल' असा शिक्का मारला गेला. तो शिक्का म्हणजे सही नव्हे, पण मालकीच्या साखळीतली पहिली कडी.

फ्रेमवर मात्र फार विसंबू नका, फ्रेमा बदलतात. तरी पाठीवर 'कॅरिग-रोहेन' कोरलेलं असेल तर ती फ्रेम जपा. हर्मन मर्फीच्या या मॅसॅच्युसेट्समधल्या कार्यशाळेच्या फ्रेमांवर अनेकदा सालही कोरलेलं असतं, आणि काही वेळा आतल्या चित्रापेक्षा फ्रेमच महाग निघते.

पुढची बाजू अंधारात बघा. टॉर्च कडेने, कॅनव्हासला जवळजवळ समांतर धरा. फुगे, दुरुस्तीचे ठिगळ, खाली बुजवलेलं जुनं चित्र उठून दिसतं. मग यूव्ही लावा (टॉर्चच्या तोंडाकडे पाहू नका). जुनं नैसर्गिक राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं, नंतरची रंगदुरुस्ती काळपट डागासारखी दिसते. सही त्या हिरवट थरावर काळी तरंगत असेल तर सावध व्हा. भिंगातून पाहा : सहीचा रंग तडा ओलांडताना तडकलाय, की तड्यात ओघळलाय? ओघळलेला असेल तर चित्र तडकल्यावर सही आली. एक अडचण आहे. डाग झाकण्यासाठी मुद्दाम चमकणारं व्हार्निशही मारतात, त्यामुळे यूव्हीत काही दिसलं नाही म्हणजे सगळं ठीक असं नाही.

रंगद्रव्यांची चाचणी प्रयोगशाळेत होते. टायटॅनियम पांढरा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाजारात आला, थॅलो निळा १९३५ नंतर. पण चाचणी कुठल्या जागेची करायची हे आधी यूव्हीवरून ठरवा. दुरुस्तीच्या ठिगळावर टायटॅनियम सापडला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

सहीचा धडा हार्नेट-पीटो प्रकरणात मिळतो. चित्रकार विल्यम हार्नेट १८९२ मध्ये वारला. त्याच्या नावावर खपलेल्या एका चित्रात रंगवलेल्या टपालावर १८९४ चा शिक्का होता! ते न्यू जर्सीत राहणाऱ्या जॉन पीटोचं काम. सही कुणीतरी नंतर हार्नेटची घातली. समीक्षक आल्फ्रेड फ्रँकेनस्टाइनने १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही गुंतागुंत सोडवली. हार्नेटच्या वस्तू कडक, ठसठशीत. पीटोच्या झिजलेल्या, त्यांवरचा उजेड मऊ. म्हणून चित्रातलं प्रत्येक पत्र, वर्तमानपत्र, नोट भिंगाखाली वाचून काढा.

रायडरच्या नावाची खोटी चित्रं हजाराच्या वर मानली जातात, अस्सल दीडशेच्या आसपास. तो ओल्या थरावर थर चढवायचा, मध्येच व्हार्निश घालायचा. त्यामुळे वरचा थर आधी सुकून मगरीच्या पाठीसारखे रुंद तडे पडले. नकलाकार कॅनव्हास गुंडाळून किंवा तापवून तडे पाडतो, ते बारीक आणि सगळीकडे सारखे असतात.

शेवटी कागद. संग्राहक टॉमस क्लार्कने १८९९ मध्ये आपली ३७० हून अधिक अमेरिकन चित्रं लिलावात काढली, आणि तेव्हापासून 'क्लार्क संग्रहातून' हे शब्द भाव वाढवू लागले. पण याच क्लार्कने पुढे जुनी अमेरिकन व्यक्तिचित्रं जमवली. १९३६ मध्ये धनाढ्य अँड्र्यू मेलनच्या ट्रस्टने त्यांतली १७५ घेतली आणि त्यांपैकी अनेकांचे चित्रकार व मालकीचे दाखले पुढे चुकीचे निघाले. तेव्हा मोठ्या संग्राहकाचं नाव ऐकून थांबू नका. त्याच्या लिलावाच्या कॅटलॉगमधलं वर्णन आणि मापं जुळतात का पाहा. मापं इंचात घ्या, चित्राची वेगळी आणि फ्रेमची वेगळी. उंची-रुंदी उलटसुलट करूनही शोधा. शीर्षकावर भिस्त ठेवू नका, कारण डीलर ते सर्रास बदलत.

ब्लेकलॉक १८९९ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात गेला, तो आत असतानाच किमती चढल्या आणि १९१६ मध्ये त्याचं एक चित्र २०,००० डॉलरला गेलं. नकलांचा पूर त्यामुळेच आला. त्याची मुलगी मॅरियन हिच्या चित्रांवरही बापाचं नाव घातलं गेलं. नेब्रास्का विद्यापीठात त्याच्या कामांची सूची तयार झाली, तिथला क्रमांक आहे का हे विक्रेत्याला आधीच विचारा.

तज्ज्ञाला फोटो पाठवताना समोरून पूर्ण, पाठ पूर्ण, चारही कडा, प्रत्येक लेबल, सहीचा भिंगातून आणि यूव्हीखालचा, असे वेगवेगळे काढा. त्याआधी चित्र पुसू नका, बटाटा-थुंकी लावू नका, आणि सैल झालेलं लेबल ओढू नका. गळून पडलंच तर पाकिटात घालून ते कुठे होतं ते पाकिटावर पेन्सिलने लिहा.