पत्रा जडवलेली लाकडी दारं-खिडक्या : या चुका टाळा

जुन्या वास्तूसाठी पत्रा मढवलेलं दार करायला निघालेला माणूस पहिला प्रश्न पत्र्याचाच विचारतो. तांबं किती जाड, कडा कशा दुमडायच्या, हिरवा रंग कधी चढेल. लाकूड किती ओलं आहे, हे कोणी विचारत नाही. आणि दार सडतं ते आतूनच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दार डबाबंद करणं. ती मीही केली आहे. तांब्याचा पत्रा दोन्ही बाजूंनी चढवला, सांध्यांना डाख (सोल्डर) दिला, उरल्यासुरल्या फटींत सिलिकॉन भरलं. थेंब आत जाणार नाही म्हणून खूश. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दार खाली घासायला लागलं. बिजागरी बसली असं समजून मी बिजागऱ्या बदलल्या. महिन्याने पुन्हा तेच. शेवटी खालचा पत्रा उचलला, तर आडव्या पट्टीत पेचकस जोर न लावता बोटभर आत गेला. पाणी कुलपाच्या भोकातून आणि स्क्रूंच्या वाटेने शिरलं होतं, बाहेर पडायला मी वाटच ठेवली नव्हती. वर सिलिकॉन व्हिनेगरसारख्या वासाचं. ते सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं, त्यामुळे त्या रेघेने तांबंही हिरवं पडलं होतं.

तेव्हापासून खालची कड मी उघडी ठेवतो. पत्र्याचा ओठ थोडा बाहेर वळवतो, म्हणजे पाणी लाकडावर न येता तिथूनच गळतं. पत्रा चढण्याआधी लाकडाला सगळ्या बाजूंनी तेल, कापलेल्या टोकांना दोनदा. ओलावा मोजायचं यंत्र १२ ते १५ टक्के दाखवत नाही तोवर हातोडी उचलायची नाही. गिऱ्हाईक रोज फोन करतं, करू दे.

दुसरी चूक खिळ्यांची. २ मीटर लांबीचा तांब्याचा पत्रा तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाने साधारण १.४ मिलिमीटर वाढतो, अ‍ॅल्युमिनियमचा १.८. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत ओल पिऊन फुगतं. म्हणजे दोघांची चाल वेगळी, आणि नवशिके पत्रा चारही कडांनी गच्च ठोकून मोकळे होतात. मग पत्र्याला फुगे येतात, खिळे वर येतात आणि दोष जातो पत्रा विकणाऱ्याला. मधली ओळ घट्ट, बाकीची भोकं लांबट, म्हणजे पत्र्याला सरकायला जागा राहते, एवढंच करायचं असतं. पण लांबट भोकं पाडायला वेळ लागतो, आणि घाई झालेल्या माणसाला नेमका तोच वाचवायचा असतो.

तांब्यात लोखंडी खिळे नकोत, ओलाव्यात लोखंड झिजतं. तांब्यावरून गळणारं पाणी जस्ताच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर पडू देऊ नका. ओकसारख्या आम्ल सोडणाऱ्या लाकडावर शिसं किंवा जस्त थेट ठोकू नका. पितळ लोखंडी काथ्याने घासू नका, अडकलेले कण गंजून ठिपके उठतात.

वजनाचा हिशेब आधी करा. १ मिलिमीटर तांबं चौरस मीटरला ९ किलोच्या आसपास भरतं. २ चौरस मीटरच्या दाराला दोन्ही बाजूंनी ३६ किलो वाढले. जुनी बिजागरी ते पेलेल का?

माप घेताना जुनी चौकट काटकोनात आहे असं धरू नका. रुंदी तीन ठिकाणी, कर्ण दोन्ही. आणि दार बसत नाही म्हणून जुनी चौकट तासायची नाही! रंधा नव्या दारावर चालवा.

उतरवलेला पत्रा भंगारात घालण्याआधी नीट बघा. एका जुन्या दाराच्या पत्र्याला कडेने लांबट भोकं दिसली. झिजून तशी झाली असतील असं वाटलं, म्हणून मोजली. सगळी एकाच मापाची निघाली.