डायोरामा सेटचा रिव्ह्यू कसा लिहावा

दोन-तीन अॅक्शन फिगर (सांधे हलवता येणाऱ्या छोट्या मूर्ती), त्यांच्या पायाखालची जमीन, मागची भिंत किंवा छापील पार्श्वभूमी आणि एखाद्या प्रसंगातला नेमका एक क्षण, हे सगळं एका मोठ्या खोक्यात आलं की त्याला डायोरामा सेट म्हणतात. अशा सेटचे रिव्ह्यू बहुतेक वेळा सुट्या फिगरच्या रिव्ह्यूसारखेच लिहिले जातात. चेहऱ्याबद्दल चार परिच्छेद, सांध्यांबद्दल तीन, आणि देखाव्याच्या वाट्याला शेवटी 'बेसही छान आहे' एवढी एक ओळ. घेणारा मात्र जादा पैसे त्या बेससाठीच मोजत असतो. त्यातल्या फिगर कदाचित त्याच्याकडे आधीपासून असतीलही. म्हणून तपासणी करताना एक प्रश्न सतत डोक्यात असू द्या: या फिगर या जागेत ठेवल्यावर प्रसंग उभा राहतो का?

खोका फोडण्याआधी

'एक्सक्लुझिव्ह' हा शब्द खोक्यावर ठळक अक्षरांत असतो आणि त्यातून फारसं काही कळत नाही. सॅन डिएगो कॉमिक-कॉनसारख्या मेळाव्यात विकलेला सेट, एकाच दुकानसाखळीला दिलेला सेट, ठरावीक दिवस बुकिंग उघडं ठेवून मागणीइतकेच बनवलेले सेट आणि लोकांकडून आगाऊ पैसे जमल्यावरच कारखान्यात जाणारा सेट, हे चारही एक्सक्लुझिव्हच. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीच्या हॅसलॅब या आगाऊ पैसे जमवणाऱ्या उपक्रमाने २०१८ मध्ये स्टार वॉर्समधल्या जब्बाच्या जहाजाची मोहीम काढली, तेव्हा किमान ५,००० जणांनी नोंदणी केली तरच उत्पादन होईल, अशी अट होती. तुमच्या हातातला सेट यांपैकी कुठल्या प्रकारचा आहे ते पहिल्याच परिच्छेदात सांगा. खोक्यावर प्रतीचा क्रमांक असेल तर त्याचा जवळून फोटो द्या. 'लिमिटेड' लिहिलंय पण संख्या दिलेली नाही, असं असेल तर तेही लिहा. संख्या न सांगता मर्यादा जाहीर करणं विक्रेत्याला फार सोयीचं असतं.

यानंतरचं काम थोडं किचकट आहे, पण रिव्ह्यूचा खरा उपयोग इथेच होतो: खोक्यात नवीन किती आहे ते शोधायचं. फिगर बनवण्यात मोठा खर्च धातूच्या साच्यांचा. त्यामुळे तेच धड, तेच हात-पाय वर्षानुवर्षं वापरले जातात. डोकं बदलतं, रंग बदलतो. यात गैर काही नाही, पण वाचकाला ते माहीत असायला हवं. फिगरच्या पाठीवर, मांडीच्या आतल्या बाजूला किंवा तळपायाला बारीक अक्षरांत कोरलेलं साल भिंगातून बघा. ते बहुधा साच्याचं किंवा हक्कांचं साल असतं, विक्रीचं नसतं. यंदाच्या सेटमधल्या फिगरच्या पायाखाली सहा वर्षांपूर्वीचं साल दिसलं की त्या काळच्या फिगरचे फोटो काढून बघा आणि कपड्यांच्या सुरकुत्या, पट्ट्याचं बक्कल, बुटांची शिवण जुळतेय का ते तपासा. चेहरा आणि रंग बदलता येतो, सुरकुत्या सहसा तशाच राहतात. मग सेटमधल्या प्रत्येक गोष्टीची नोंद करा: नवा साचा, जुना साचा नवा रंग, किंवा आधी सुटी विकलेली वस्तू जशीच्या तशी. ही यादी रिव्ह्यूत दिलीत तर बाकी काही न वाचताही माणूस निर्णय घेऊ शकतो.

खोक्याबद्दल फार लिहू नका. कोपरे, सील आणि खिडकीवरचे ओरखडे यांचे फोटो फोडण्याआधीच काढून ठेवा, कारण नंतर ते मिळत नाहीत. वाचकाला दोनच गोष्टी हव्या असतात. पहिली, खोका न फाडता सेट बाहेर काढून पुन्हा आत ठेवता येतो का. सरकवायचं बाहेरचं आवरण आणि आत ट्रे असेल तर येतो, बुडबुड्यासारखं प्लास्टिक पुठ्ठ्याला चिकटवलेलं असेल तर नाही. दुसरी, घेताना आतला माल दिसतो का. बिनखिडकीच्या खोक्यात डोळे तिरळे रंगवलेली फिगर नशिबी आली तर घरी आल्यावरच कळतं. काही सेट खोक्यातच मांडून ठेवायच्या हेतूने बनवलेले असतात. तसा असेल तर फोडण्याआधी तो शेल्फच्या उंचीवर ठेवून बघा: खिडकीतून प्रसंग दिसतो की प्लास्टिकच्या पट्ट्या आणि बांधणीच्या तारा?

माप घ्या, अंदाज नको

आता फूटपट्टी काढा. बारा इंची मापाची परंपरा १९६४ च्या जी. आय. जो या सैनिकाच्या फिगरपासूनची. केनर या कंपनीने १९७८ मध्ये स्टार वॉर्सच्या फिगर पावणेचार इंचांच्या काढल्या. माप लहान असल्यामुळे त्या फिगर आत बसतील अशी यानं आणि ठिकाणं बनवणं परवडायला लागलं. हा हिशेब डायोरामालाही लागू आहे: फिगर जितकी मोठी, तितका तिच्याभोवतीचा देखावा महाग आणि म्हणून तुटपुंजा. आजही सर्रास दिसणारी मापं अशी: १:६ (खऱ्या उंचीचा सहावा भाग) म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर, १:१२ म्हणजे सुमारे १५ आणि १:१८ म्हणजे दहाच्या आतबाहेर.

कंपनीने दिलेल्या स्केलवर विसंबू नका, गणित करा. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस १:१२ मध्ये साधारण साडेचौदा सेंटिमीटरचा होतो. मग दोन मीटरचा दरवाजा पावणेसतरा सेंटिमीटरचा हवा, खुर्चीची बैठक जमिनीपासून पावणेचार सेंटिमीटरवर हवी, आणि जिन्याची पायरी दीड सेंटिमीटरच्या आसपास. सेटमधला दरवाजा साडेचौदाच सेंटिमीटरचा निघाला तर फिगर त्यातून डोकं न आपटता जाऊ शकणार नाही. वाचकाला फोटोत 'काहीतरी विचित्र' वाटत असतं. त्याचं कारण तुम्ही आकड्यात सांगू शकता.

उंचीपेक्षा खोलीची, म्हणजे पुढून मागपर्यंतच्या मापाची, फसवणूक जास्त होते. खोक्यात बसावं म्हणून भिंतींची उंची नीट ठेवतात, पण जमीन पुढून मागे फार अरुंद करतात. दोन फिगर समोरासमोर लढताना दाखवायच्या आणि जमीन बारा सेंटिमीटरचीच, म्हणजे दोघं एका रांगेत फोटोसाठी उभे असल्यासारखे दिसणार. कधीकधी मागची कमान मुद्दाम लहान करून दूरचा भास निर्माण केलेला असतो. ही युक्ती समोरून छान जमते आणि बाजूने पाहिलं की मोडते, त्यामुळे दोन्ही कोनांतून फोटो द्या.

फिगर: प्रसंगापुरत्या तपासा

एकूण सांधे किती, हा आकडा डायोरामा सेटमध्ये जवळपास निरुपयोगी असतो. खोक्यावरच्या चित्रात फिगर ज्या पवित्र्यात आहे, तो पवित्रा तिला घेता येतो का, एवढंच बघा. गुडघा टेकून नेम धरलेला असेल तर कंबर वाकते का, चिलखताचा घेर मांडीला अडतो का, दोन्ही हात बंदुकीवर पोचतात का. बरेचदा चित्रातली फिगर हाताने रंगवलेला नमुना असतो आणि कारखान्यातली प्रत तेवढी वाकतच नाही.

नव्या फिगरचा सांधा घट्ट वाटला तर जोर लावू नका. रंगामुळे चिकटलेला असेल तर आतली खुंटी पिळवटून तुटते. गरम पाण्यात थोडा वेळ धरा किंवा हेअर ड्रायरची ऊब द्या. पीव्हीसी मऊ झालं की हळूच फिरवा. उलट सांधा ढिला असेल तर फिगर मोकळी उभी राहते का ते बघा, आणि ढिला सांधा घोट्याचा की खांद्याचा ते लिहा. घोटा ढिला असेल तर अख्खा देखावा कोसळतो, खांदा ढिला असेल तर फक्त तलवार खाली येते.

रंगकाम जवळून बघा, पण मत शेल्फच्या अंतरावरून द्या. कपाळ आणि केसांच्या सीमारेषेवर रंग पसरलाय का, बुबुळं दोन्ही एका दिशेला आहेत का, पट्ट्याची कडा सरळ आहे का, या तीन जागा पुरेशा. एक सावधगिरी इथे हवीच: तुमच्याकडे एकच प्रत आहे. तिच्यातला दोष तिच्यापुरता की सगळ्यांत आहे, हे इतर संग्राहकांच्या प्रतींचे फोटो पाहिल्याशिवाय लिहू नका.

देखाव्याला वेळ द्या

सुटे भाग जोडताना कुठे फट राहते, कुठली खुंटी दाबावी लागते आणि सूचनांचं पान उपयोगाचं आहे का, ते लगेच टिपून ठेवा. एकदा जोडून झालं की हे सगळं विसरायला होतं. मग जमिनीच्या दोन तुकड्यांमधला सांधा बघा. दगडी फरसबंदीचा नक्षीक्रम एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सलग जातो का, की मध्येच अर्धा दगड कापलेला? मळकट दाखवण्यासाठी मारलेला रंगाचा हात दोन्ही तुकड्यांवर सारखा आहे का? मूळ प्लास्टिकच्या एकाच रंगात बेस सोडून दिलेला असतो तेव्हा शेजारी रंगवलेली फिगर अलगच दिसते. हा या सेटमधला सगळ्यात सर्रास आढळणारा कंजूषपणा.

पायाखालची पकड नीट तपासा. तळपायाचं भोक आणि बेसवरची खुंटी जुळते का, फिगर घट्ट बसते की डुगडुगते? खुंट्या कुठे आहेत हे त्याहून महत्त्वाचं. त्या चित्रातल्या जागांपुरत्याच असतील तर दुसरी कुठलीही मांडणी जमणार नाही आणि न वापरलेल्या खुंट्या जमिनीतून वर आलेल्या दिसत राहतील. सगळं मांडून झाल्यावर टेबलाला हलका धक्का द्या. मग मांडणी तशीच ठेवून काही दिवसांनी पुन्हा बघा. पुढे झुकलेल्या पवित्र्यातल्या मऊ पीव्हीसीच्या फिगर उष्ण खोलीत घोट्यातून वाकायला लागतात, आणि पहिल्या दिवशीच्या रिव्ह्यूत हे कधीच येत नाही.

मागची बाजू कोरी आहे का, छापील पार्श्वभूमीचा पुठ्ठा सरळ राहतो की कमान धरतो, तीही नोंद हवी. शेवटी सेटमधल्या फिगर काढून त्याच मापाच्या दुसऱ्या कुठल्याही फिगर त्या जागेत ठेवा. चांगला देखावा त्यांनाही सामावून घेतो, आणि असं असेल तर वाचकाच्या लेखी सेटची किंमत बदलते.

फोटो

कॅमेरा फिगरच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. वरून काढलेल्या फोटोत प्रत्येक फिगर खेळणं दिसते. फोनची रुंद लेन्स जवळून नाक मोठं आणि पाय बारीक करते; दुप्पट झूमची लेन्स वापरून दोन पावलं मागे जा. हाती मोठा कॅमेरा असेल तर अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ ते एफ ११ ठेवा, नाहीतर पुढची फिगर स्पष्ट आणि मागची भिंत धूसर येईल, आणि वाचकाला भिंतच बघायची असते. उजेड एका बाजूने द्या आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) एकदा ठरवून बदलू नका. धूर, ठिणग्या, निळा प्रकाश घालून काढलेले फोटो जरूर टाका, पण वेगळे. साध्या उजेडातला, काहीही न सुधारलेला, फूटपट्टी शेजारी ठेवलेला फोटो आधी.

लिहायला बसताना

सेट स्वतः विकत घेतला की कंपनीने पाठवला, हे वरच्याच ओळीत सांगा. तळाशी लपवलेली कबुली कुणी वाचत नाही.

दहापैकी गुण द्यायची पद्धत मला पटत नाही. साडेआठ म्हणजे काय, ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही. द्यायचेच असतील तर फिगर, देखावा आणि दोन्ही मिळून होणारा प्रसंग यांना वेगवेगळे द्या. यातल्या फिगर सुट्या मिळत असतील तर त्यांची किंमत एकूण किमतीतून वजा करा. उरलेली रक्कम म्हणजे देखाव्याची किंमत. ती रक्कम लिहून तेवढ्याला तुम्ही नुसता देखावा घेतला असता का, ते सांगा. पुनर्विक्रीच्या भावाचे अंदाज मात्र करू नका. आज दुर्मीळ असलेला सेट उद्या पुन्हा बनवला गेला की ते अंदाज तोंडघशी पाडतात.

कुणी घ्यावा, हे नेमकं लिहा: त्या फिगर आधीच असलेल्याने, शेल्फवर जेमतेम एक वीत खोली असलेल्याने, फोटोसाठी जागा शोधणाऱ्याने. तिघांची उत्तरं वेगळी येतील.

प्रसिद्ध केल्यावर सेट लगेच खोक्यात परत ठेवू नका. पीव्हीसीतलं मऊपणासाठी घातलेलं द्रव्य कालांतराने पृष्ठभागावर येतं, फिगर चिकट लागते आणि खालच्या प्लास्टिकवर किंवा रंगावर पायाचे डाग उठू शकतात. काही महिन्यांनी फिगर उचलून बेसवरच्या पायाखालच्या जागा बघा, आणि जे दिसेल ते तारीख घालून मूळ रिव्ह्यूच्या वरच्या बाजूला जोडा.