पानांच्या जाळ्यात गट शोधताय? मग या चुका टाळा

एकदा लिंकांनी जोडलेल्या काही हजार वेबपानांचं जाळं, आपसात दाट जोडलेल्या पानांचे गट पाडायला अल्गोरिदमला दिलं आणि सगळ्यात मोठा गट उघडून बघितला. एक पान बुरशीवर, एक बुद्धिबळावर, एक कॅमेऱ्याच्या दुरुस्तीवर. यांचं नातं काय? पानांच्या तळाशी असलेली ‘आमच्याविषयी’, ‘संपर्क’ आणि ‘गोपनीयता धोरण’ ही तीन लिंक, बस्स.

गट बिघडले की लोक अल्गोरिदम बदलायला धावतात. खोट मात्र बहुतेक वेळा लिंकांच्या यादीतच असते. मेनू, तळपट्टी, बाजूची चौकट इथल्या लिंक साचा टाकतो, लिहिणारा नाही. त्या ठेवल्यात तर गट विषयांचे न पडता संकेतस्थळांचे पडतात, आणि ते तर पत्त्यावरूनच कळत होतं. मजकुरातल्या लिंक तेवढ्या ठेवा. ते जमत नसेल तर एखाद्या स्थळाच्या जवळपास प्रत्येक पानावरून जिकडे लिंक जाते ती पानं काढून टाका. एकच पान http आणि https, शेवटी तिरकी रेघ असलेलं आणि नसलेलं, अशा दोन पत्त्यांनी मोजलं जात नाही ना, हेही तेव्हाच बघा.

क्रॉलच्या, म्हणजे लिंकांमागून जात पानं गोळा करण्याच्या, काठावरची पानं हा आणखी एक सापळा. त्यांचा पत्ता मिळालेला असतो, पण ती उघडलेली नसतात. त्यामुळे ज्या पानाने ती दाखवली त्याच्याच शेपटीला ती लटकतात आणि गट उगाच फुगतो. त्यांना आधीच छाटा.

मग येते दिशा. ‘अ’ने ‘ब’ला लिंक दिली म्हणजे ‘ब’ने परत दिली असं नव्हे. २००० साली सुमारे २० कोटी पानांचं जाळं तपासलं गेलं. कुठल्याही पानावरून कुठल्याही पानावर लिंकांवरून जाता येईल असा गाभा त्यात जेमतेम ५.६ कोटींचा निघाला. एकाच विषयावरचे प्रतिस्पर्धी तर सहसा एकमेकांना लिंक देतच नाहीत. तिसराच कुणीतरी दोघांना एका यादीत बसवतो. अशा ठिकाणी थेट लिंक मोजण्यापेक्षा दोन पानांना एकत्र लिंक देणारी पानं किती, ते मोजलेलं बरं.

आता मॉड्युलॅरिटी, म्हणजे गटांच्या आतल्या लिंक निव्वळ योगायोगाने असत्या त्यापेक्षा किती जास्त आहेत ते सांगणारा आकडा. आकडा मोठा आला की लोक खूश होतात, म्हणून हे कागदावरच करून बघा. पाच-पाच पानांचे ३० गट घ्या. प्रत्येक गटात सगळे सगळ्यांना जोडलेले, आणि शेजारच्या गटाशी एकेकच लिंक, असं गोल कडं. खरे गट ३०, हे लहान मूलही सांगेल. त्या विभागणीची मॉड्युलॅरिटी येते ०.८७६. शेजारचे दोन-दोन गट चिकटवून १५ केले तर येते ०.८८८! म्हणजे चुकीच्या उत्तराला जास्त गुण. फोर्तुनातो आणि बार्तेलेमी यांनी २००७ मध्ये दाखवलेली हीच ती रिझोल्यूशनची मर्यादा: जाळं जितकं मोठं, तितके जास्त गट छोटे ठरून गिळले जातात. गट किती बारीक पाडायचे ते ठरवणारा रिझोल्यूशनचा आकडा वाढवून पुन्हा चालवा, किंवा मोठा गट वेगळा काढून त्याच्या आत पुन्हा गट शोधा.

आणि यादृच्छिक जाळ्यातही मॉड्युलॅरिटी चांगली घसघशीत येऊ शकते. म्हणून प्रत्येक पानाच्या येणाऱ्या-जाणाऱ्या लिंकांची संख्या तशीच ठेवून लिंक पिसून घ्या आणि तोच आकडा पुन्हा काढा. फरक नगण्य असेल तर तुमचे गट हे ढगात दिसलेले हत्ती आहेत.

दर वेळी वेगळे गट येतात? येणारच. मॉड्युलॅरिटी वाढवत गट पाडणाऱ्या लूव्हाँ पद्धतीचं उत्तर पानं कुठल्या क्रमाने घेतली यावर बदलतं. वीस-तीसदा चालवा आणि कोणती पानं प्रत्येक वेळी एकत्रच राहतात ते बघा. त्यापेक्षा विचित्र प्रकार म्हणजे लूव्हाँने दिलेला एखादा गट आतून चक्क तुटलेला निघतो: दोन तुकडे, मध्ये एकही लिंक नाही. २०१९ साली आलेली लायडन पद्धत हा दोष काढते. जुनीच वापरायची असेल तर प्रत्येक गटातले सुटे तुकडे मोजा; दोन ओळींचं काम आहे.

एवढं करूनही काही पानं या गटातून त्या गटात उड्या मारतच राहतील. ती जबरदस्तीने कुठे कोंबू नका. दोन विषयांच्या मधला पूल बहुधा तीच असतात. मी त्यांची यादी वेगळी ठेवतो आणि आधी तीच वाचतो.